एस्केप मॅडमची खिडकी

कुठलंही काम सुरू करण्याआधी मॅडम कीबोर्डच्या कोपऱ्यातली एस्केपची कळ दोनदा दाबायच्या. टक टक. रेघ मारायची असो, पुसायची असो, नुसतं चहाला उठायचं असो, आधी टक टक. जुन्या सॉफ्टवेअरवर नकाशे काढत वाढलेल्या आमच्या पिढीला ही सवय थोडीफार असतेच, कारण आधीचं एखादं काम अर्धवट अडकलेलं असलं तर एस्केपने ते सुटतं. पण त्यांचं प्रकरण हाताबाहेर गेलं होतं. फोन उचलण्याआधीसुद्धा त्यांचं बोट टेबलावर दोनदा आपटायचं. ऑफिसात मागून सगळे त्यांना एस्केप मॅडम म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू द्या हो," त्या म्हणायच्या. "मागचं सोडल्याशिवाय पुढचं हातात येत नाही, एवढं तरी लक्षात राहील लोकांच्या."

कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं आर्किटेक्टचं ऑफिस. माझं घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे मी रोज उशिरा पोचायचे. त्या येरवड्याहून स्कूटरवर अख्खं शहर ओलांडून यायच्या आणि माझ्या आधी जागेवर असायच्या. आम्ही वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो, एकमेकींचे डबे खाल्ले, एकमेकींच्या सासरची गाऱ्हाणी ऐकली, पण अहो-जाहो काही सुटलं नाही. पुण्यात हे चालतं. त्यांच्या वडिलांनी कारखान्यातल्या नोकरीसाठी नागपूरकडून बिऱ्हाड हलवलं, त्यांचा जन्म मात्र येरवड्यातला आणि बोलणं पक्कं पुणेरी. फक्त कॉम्प्युटर हटून बसला की घरची भाषा बाहेर यायची. "काऊन अडून बसला बे?" असं त्या स्क्रीनला विचारायच्या.

त्यांच्या डाव्या हाताला सगळ्या आज्ञा पाठ होत्या. डोळे स्क्रीनवर, उजव्या हातात माउस, तोंडाने माझ्याशी भाजीचे भाव, आणि डावा हात आपला कीबोर्डवर टाइप करत चाललेला. थोरल्या सरांनी कधीकाळी घेतलेली सॉफ्टवेअरची ती जुनी आवृत्ती आम्ही इतकी वापरली की दुसरं काही असतं हेच विसरलो होतो. मग थोरले सर घरी बसले, त्यांचा मुलगा सर झाला. खराडीच्या इंजिनिअर लोकांनी पाठवलेल्या फायली आमच्याकडे उघडेनाशा झाल्या, आणि एका सोमवारी आम्ही आलो तर सगळ्या मशिनवर एकदम नवीकोरी आवृत्ती. मधल्या साऱ्या आवृत्त्या आम्ही तोंडही न बघता ओलांडल्या होत्या. पहिलीतल्या पोराला दहावीच्या वर्गात बसवावं, तसं झालं.

शिकवायला एक चटपटीत मुलगी आली. "बेसिकली मॅम, इथे आपण लाइन ड्रॉ नाही करत. आपण वॉल प्लेस करतो. हाइट, थिकनेस, मटेरियल, सगळं ऑटोमॅटिक येतं."

"सगळं?" मॅडमनी विचारलं.

"हो मॅम, सगळं."

"मग मी उद्यापासून येऊ की नको?"

मुलगी हसली. तिला वाटलं, विनोद आहे.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. वरच्या पट्टीवर चित्रांची रांग होती, आणि एकेक चित्र बोटाने शोधत त्या पुटपुटायच्या, "चित्रं ओळखायची परीक्षा बालवाडीत झाली होती माझी." भिंतीचं हत्यार उचललं की सवयीने टक टक व्हायचं आणि हत्यार हातातून गळून पडायचं. पुन्हा चित्र शोधा. मी तशी लवकर सरावले. मला नव्याचं कौतुक नव्हतं की जुन्याचं दुःख नव्हतं, सांगितलं तिथे क्लिक करायचे. त्यांना मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. सर त्यांना म्हणाले, "मॅडम, तुम्ही जुन्यातच काढा, कुणीतरी नव्यात उतरवून घेईल." त्यावर त्यांनी सरांसमोरच नव्यातली फाइल उघडली. सर केबिनमध्ये निघून गेले.

त्यांना घाई होती, आणि ती ऑफिसच्या कामाची नव्हती. त्यांच्या वस्तीतल्या जुन्या बुद्धविहाराच्या जागी नवी इमारत व्हायची होती. खाली विहार आणि वर मुलांसाठी अभ्यासिका. नकाशे मॅडम स्वतः काढत होत्या, जेवणाच्या सुट्टीत आणि सहानंतर. जुन्यातला तो नकाशा त्यांनी हट्टाने स्वतःच नव्यात उभा करायला घेतला. भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला, आणि जिना ठेवल्यावर स्क्रीनवर इशारा आला. वर जाणाऱ्या माणसाचं डोकं तुळईवर आपटत होतं. जुन्या नकाशात जिना म्हणजे नुसत्या रेघा आणि वर जाण्याचा बाण, त्यात हे दिसलंच नव्हतं. मला वाटलं, आता बाई चिडणार.

"बरं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोरांची डोकी वाचली. इतकी वर्षं मी सपाट घरं काढत होते की काय हो?"

त्या दिवसापासून त्यांची कुरकुर थांबली. आणि मग त्यांना सूर्य सापडला. नव्या आवृत्तीत गावाचं नाव आणि तारीख घातली की कुठल्या वेळेला ऊन कुठे पडेल ते दिसतं. मी ते शिकवणीत पाहिलं होतं आणि विसरून गेले होते. त्यांनी पुणे घातलं, अभ्यासिका उघडली, आणि सकाळ पुढे-मागे सरकवत बसल्या. डबा तसाच राहिला. मी आठवण केली तर म्हणाल्या, "प्रत्येक नकाशावर उत्तरेचा बाण काढला मी. सूर्य कधी काढला नाही."

मग त्यांनी सांगितलं. लहानपणचं घर एका खोलीचं, खिडकी नव्हतीच. उजेड यायचा तो दारातून, सकाळी, आणि तेवढ्यात अभ्यास उरकायचा. म्हणून त्या पुस्तकं घेऊन उंबऱ्यात बसायच्या. नळावरून येणाऱ्या घरच्या बाया त्यांना ओलांडून आत जायच्या, हंड्यातलं पाणी पानांवर सांडायचं. "माझं भूगोलाचं पुस्तक वर्षभर फुगलेलं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळचं ऊन थेट टेबलावर आलं पाहिजे. बाकी इमारत कशी का होईना."

पूर्वेच्या भिंतीत त्यांनी रुंद खिडकी ठेवली. शेजारच्या घरांची उंची स्वतः जाऊन मोजून आणली आणि तीही स्क्रीनवर उभी केली, त्यांची सावली आड येऊ नये म्हणून. विहाराच्या समितीतल्या मंडळींना नेमकी तीच भिंत हवी होती, देणगीदारांच्या नावांच्या मोठ्या संगमरवरी पाटीसाठी. मी त्या बैठकीला सोबत गेले होते. मॅडमचं बोट टेबलावर दोनदा आपटलं. "नावं जिन्यात लावा," त्या म्हणाल्या. "वर जाताना सगळे वाचतील. आता नीट उभं राहून वाचता येईल तिथे."

दिवाळीनंतर पोटात दुखतंय म्हणायला लागल्या. तपासण्या झाल्या, आणि मग सगळं फार भराभर झालं. मी दवाखान्यात लॅपटॉप घेऊन गेले, त्यांना शेवटचे नकाशे दाखवायला. त्यांनी तो बाजूला सारला. "छापून टाका. मशीन काय, सांगतंच ऊन येईल म्हणून. बांधून झालं की तुम्ही जाऊन बघा, बाईसाहेब. खरंच येतं का ते. बघाल ना?"

मी हो म्हटलं. निघताना लिफ्ट कुठे आहे ते नर्सला विचारलं. एवढंच आठवतं.

त्या गेल्या तेव्हा मला काहीच झालं नाही. हे मी सरळ सांगते. येरवड्याला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले, त्रिशरण-पंचशील चालू होतं, मी हात जोडून उभी होते आणि त्यांच्या खिडकीचं ग्रिल तिरकं बसलंय एवढंच बघत होते. जेवले. खीर चांगली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले. पुढे सरांनी सांगितलं की मॅडमच्या नावावरचं सॉफ्टवेअर आता नव्या मुलीच्या नावावर करा. हे नवं सॉफ्टवेअर माणसाच्या नावावर असतं, जुन्यासारखं मशिनमध्ये पडून राहत नाही. मी यादीतलं त्यांचं नाव निवडलं. नक्की काढायचं का, असं त्याने विचारलं. हो म्हटलं. नाव गेलं. मी चहा घेतला. रात्री झोपही लागली. नवऱ्याने विचारलं, बरी आहेस ना, तर म्हटलं, मला काय धाड भरलीये?

विहाराचं काम माझ्याकडे आलं. समितीने पाटीचा विषय पुन्हा काढला. नावं जिन्यात लावा, मी म्हटलं. माझा आवाज इतका कोरडा होता की त्यांनी लगेच जिन्याची मापं मागितली. इमारत झाली, उद्घाटन झालं. ते संध्याकाळी होतं आणि मी गेले नाही. मग सकाळी जायला जमेना. एकदा पाहुणे होते, एकदा गाडी बंद होती, एकदा काहीच नव्हतं. ऊन आलं नाही तर काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि आलं तरी आपल्याला काही वाटणारच नाही, याची जास्त भीती होती.

शेवटी एका रविवारी गेले. खाली वंदना संपत आली होती. मी जिना चढले. डोकं कुठे लागलं नाही. वर मुलं-मुली ओळीने बसलेली, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं, कानात इअरफोन. पूर्वेच्या भिंतीत खिडकी होती, नकाशात होती तेवढीच रुंद. आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जुनी फुलाफुलांची चादर खिळे ठोकून लावली होती.

खिडकीजवळ बसलेल्या मुलीला मी विचारलं, "ही चादर कशाला लावलीये?"

तिने एका कानातला इअरफोन काढला. "ऊन येतं ना मॅडम. मोबाईलवर लेक्चर दिसतच नाही."

"कुठे येतं?"

"हे काय, इथे. डायरेक्ट टेबलावर. रोज सकाळी, लय वैताग." तिने टेबलावर हात फिरवून जागा दाखवली. "कुणी एवढी मोठी खिडकी ठेवली काय माहीत."

"माझ्या मैत्रिणीने," मी म्हटलं.

इतक्या वर्षांत त्यांना मी असं कधी म्हटलं नव्हतं. त्यांनीही मला नाही. मुलगी ओशाळली. "सॉरी मॅडम. काढू का चादर?"

"नको. अभ्यास कर."

मी खाली यायला निघाले. जिन्यात, देणगीदारांच्या पाटीपुढे, मी पायरीवर बसले. इतक्या महिन्यांचं रडू तिथे आलं, हुंदके देऊन, लाजबीज सगळी सोडून. वर जाणारी पोरं भिंतीला चिकटून बाजूने जात होती.

"येतंय हो ऊन, मॅडम," मी म्हणत होते. "थेट टेबलावर येतंय."