खोक्यावरची मोटार

नातीसाठी आणलेल्या टीव्ही गेमच्या खोक्यावर हुबेहूब मोटार होती. पडद्यावर नुसते चौकोनी ठोकळे धावत. तो विकणाऱ्या ठोक व्यापाऱ्याविरुद्ध सदोष मालाची तक्रार संतापाने लिहून मी तज्ज्ञाच्या दाखल्यासाठी धुळ्यातील एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने यंत्र उघडले, फुंकर मारली, पुन्हा झाकण लावले.

"आबा, यामा बिघाड नही शे. यामा इतलंच चित्र मावस, कॉम्प्युटरमा जास्ती. लबाडी खोकावर शे."

त्याच्या दुकानातील प्रत्येक खोक्यावर आलेखाचा कागद चिकटवलेला होता. पडद्यावर दिसेल तेवढेच चित्र त्याने चौकोन भरून काढले होते.

मी 'सदोष माल' खोडून 'दिशाभूल करणारे चित्र' लिहिले, माझ्या गेमचा त्याने काढलेला आलेखाचा एक कागद पुरावा म्हणून जोडला आणि दाखला सहीसाठी त्याच्यापुढे केला.

व्यापाऱ्याचे नाव वाचून तो म्हणाला, "माले बी हाऊच यापारी माल देस."

मग त्याने सही केली.