कोंबडा निशाणी

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची गोष्ट. मी उमरोळीत नवी नवरी होते आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी, ग्रामपंचायतीला उभे होते. निशाणी कोंबडा. घरचा लाल कोंबडा काखोटीला मारून ते दारोदार हिंडायचे. ना कोंबड्याला चैन, ना आम्हाला.

मतदानाला आठवडा उरला असताना बोईसरहून सिनेमाची गाडी आली. दोन ताडांना चादर बांधली आणि आधी परदेशी कार्टून लावलं. त्यात पुढारी कोण, तर कोंबडा! दांडीवर चढून भाषण ठोकायचा, कोंबड्या माना डोलवायच्या. दर भाषणाला तो आपल्याच हातानं आपल्या छातीवर बिल्ला लावायचा. शेवटी बिल्ल्यांच्या भारानं दांडी मोडली आणि स्वारी शेणात.

अख्खं गाव हसलं. मग सगळ्यांच्या माना मामंजींकडे वळल्या आणि गाव पुन्हा हसलं.

गाडीवाला ओरडत होता, "अरे भाई, ये दूसरे मुल्क के नेता का मज़ाक है!" ऐकतो कोण? दुसऱ्या मुलखाचा नेता आमच्या निशाणीत कसा शिरला, मलाही कळेना. सासूबाई तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मला त्यांचा रागच आला.

घरी येऊन मामंजी ओटीवर बसले. "लोक त्याला हसले का मला?" त्यांनी विचारलं. "कार्टूनला," मी म्हटलं. ते त्यांना पटलं नाही, मलाही नाही. दुसऱ्या दिवसापासून कोंबडा खुराड्यात आणि मामंजी घरात. प्रचार बंद. ते पडणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

आणि मामंजी निवडून आले! हसणाऱ्यांनीच मतं दिली होती. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. गुलाल लावायला आलेला शेजारी म्हणाला, "शिक्का मारताना तो शेनात पडलेला आठवला, न् हात तिकडंच गेला." आता हे कौतुक समजायचं की थट्टा?

मामंजींनी गुलाल पुसला आणि चुलीपाशी जाऊन सासूबाईंना विचारलं, "त्या दिशी तू कोनाला हसलीस? खरं सांग."

"तुमाला," त्या भाकरी थापत म्हणाल्या.

"न् मत?"

"ते बी तुमालाच."

मामंजींचा चेहरा उतरला. "मी हसन्यासारखा हाय, तर मत कशाला दिलंस?"

सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "लगीन झाल्यापासून हसते मी तुमाला. टाकून दिलं काय?"