मानेचा पट्टा

कॅप्टनसाहेबांनी स्वतःच्या गाडीतून मानेचा पट्टा आणला. पांढरा, स्पंजचा, मान आखडली की डॉक्टर देतात तसला. हँगरच्या सावलीत आम्ही त्यांच्याकडं विमान उडवायला शिकणारी मुलंमुली चहा पीत होतो. सगळ्यांसमोर त्यांनी तो माझ्या गळ्याला लावला आणि मागून घट्ट चिकटवला.

"आज दिवसभर काढायचा नाही. मान खाली घालायची तुमची पिढ्यांची सवय आहे. एका दिवसात जाणार नाही, पण सुरुवात तरी होईल."

सगळे हसले. मीही हसले.

विमानातली चूक माझीच होती. लातूरच्या धावपट्टीवर त्या सकाळी मी पुन्हा विमान आदळलं होतं. उतरताना जमीन जवळ आली की नजर धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला न्यायची असते. मग आपण किती उंचावर आहोत ते कळतं. माझी नजर जायची विमानाच्या नाकाखाली. जमीन अंगावर धावून येतेय असं वाटायचं. घाबरून मी नाक लवकर उचलायचे, विमान वर उसळायचं आणि धप्पकन बसायचं. शेजारी बसलेले साहेब हेडफोनमधून म्हणाले होते, "योजनेतून विमानात बसता येतं. योजनेतून उतरवता येत नाही."

मी मागासवर्गीयांच्या सरकारी शिष्यवृत्ती योजनेतून आलेली. उतरवणं जमलं तरच एकटीला उडू देणार होते. नाहीतर गावाकडं परत, बिलोलीची बस.

नजर खाली का जाते, ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या गावात शाळेची वाट वरच्या गल्लीतून जाते. आमची वस्ती गावाबाहेर. चपला हातात घ्यायचा काळ आजोबांबरोबर गेला. मान खाली घालायचा गेला नव्हता. माझे बाबा गवंडी. त्या गल्लीतले निम्मे ओटे त्यांनीच बांधलेले. तरी त्या ओट्यांवर माणसं बसलेली दिसली की माझा हात दाबून सांगायचे, "खाली बघ. पायापुढं बघ." अख्खी शाळा संपेपर्यंत मी पायापुढं बघितलं. त्या गल्लीतली फरशी मला पाठ आहे. दारं कशी आहेत, सांगता येणार नाही.

पट्टा लावून मी दुपारी जेवायला गेले. ताटच दिसेना. वरण पट्ट्यावर सांडलं, पिवळा डाग पडला. कुणीतरी फोटो काढला. मी तेव्हाही हसले.

आमच्या माणसांच्या गळ्यात एके काळी मडकं बांधायचे, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. हे मला पुस्तकाआधी आजोबांनी सांगितलं होतं. त्या माणसांवर बळजबरी होती. मी मात्र हातात चहाचा कप धरून बांधून घेतलं, आणि वर हसले. त्या हसण्याची लाज वाटते. अजून वाटते. कॅप्टनसाहेबांच्या बोलण्यापेक्षा ते हसूच जास्त टोचतं.

संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. पट्टा काढायचं भानच राहिलं नव्हतं.

"का गं माय, मानंला काय झालं? पडलीस का काय?"

"न्हाई बाबा. सरांनी बांधलाय. मी खाली बघते म्हणून."

मग मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "तुम्ही मला खाली बघायला का शिकवलं?"

बाबांनी फोनमधूनही माझ्याकडं बघितलं नाही. "तू सांजच्याला घरी माघारी यावीस म्हणून, माय. दुसरं काय."

मला रडू आलं नाही. राग आला. बाबांचा नाही.

सकाळी मी पट्टा कॅप्टनसाहेबांच्या टेबलावर ठेवला. डाग वरच्या बाजूला येईल असा.

"सर, हा तुमचा. मान मी वर करीन. पण हा घालून नाही."

त्यांनी डागाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नजर हलवली नाही.

"बरं. चल," ते म्हणाले. "आजही आदळलंस तर सामान भर."

उतरताना जमीन नेहमीसारखीच अंगावर आली. मान आपोआप खाली जायला लागली. मी दात आवळले आणि धावपट्टीच्या टोकाला बघितलं. त्यापलीकडं कुंपण, कुंपणापलीकडं तुरीचं शेत. एवढ्या दिवसांत ते शेत मला एकदाही दिसलं नव्हतं. नाक हळूहळू उचललं. वेग अगदी कमी झाला की वाजणारा भोंगा वाजला, चाकं टेकली. जरासं उसळलं, पण विमान सरळ धावलं.

खाली उतरल्यावर चहाच्या घोळक्यात साहेब मोठ्यानं म्हणाले, "बघा, पट्टा कामी आला."

सगळे माझ्या हसण्याची वाट बघत होते.

"न्हाई," मी म्हणाले. तिथं मी जपून बोलायचे, पण त्या दिवशी गावाकडचंच तोंडात आलं. "पट्टा बांधून घेतला अन् वर हसले, ती माझी चूक. विमान मी उतरवलं."

कुणी हसलं नाही. साहेबांनी कप खाली ठेवला. "तुला एकटीला कधी सोडायचं, ते मी ठरवणार."

"ठरवा सर. मी रोज इथं येऊन उभी राहणार."

अजून त्यांनी सोडलेलं नाही. मी रोज जाते. हसत नाही.

सुट्टीत गावी जाणार आहे. बाबांचा हात धरून वरच्या गल्लीतून नेणार आहे. त्यांनी बांधलेल्या एकेका ओट्यासमोर थांबणार आणि वर कोण बसलंय ते बघणार. बाबांनी मान खाली घातली, तर त्यांनी वर करेपर्यंत तिथून हलणार नाही.