ऊनाच्या वाट्याचा पांढरा गरुड

बाप गेला तेव्हा पदकांची वाटणी आईनेच केली. कडेवर बापाचं नाव कोरलेली तीन पदकं मुलाला, क्लेमला, कारण नाव पुढे चालवणार तो. आणि परदेशी राजांनी दिलेली, मीनाकामाची दोन सन्मानचिन्हं ऊनाला. "कोटावर ब्रोचसारखी शोभतील गं तुला," आई म्हणाली. होबार्टजवळच्या ह्युऑनच्या खोऱ्यात मुलीच्या वाट्याला दागिनाच यायचा. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सर्बियाचा पांढरा गरुड नि रुमानियाचा क्रॉस. बापाने त्या देशांत पाऊलही ठेवलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रं एकमेकांच्या सैनिकांना असे मान वाटत असत. "माझ्याऐवजी गरुडच जाऊन आला असेल," तो हसायचा.

ऊना ट्रिफिटने लग्न केलं नाही. सफरचंदाच्या शेडमध्ये पेट्या भरण्यात आयुष्य गेलं. शनिवारी चर्चच्या वेदीवर फुलं मांडायची, तेवढी तिची हौस. एप्रिलात अँझॅकच्या दिवशी, युद्धात पडलेल्यांना आठवायच्या त्या पहाटे मात्र ती स्मारकापाशी क्लेमला खेटून उभी राहायची. दोघांच्याही उजव्या छातीवर बापाचे मान असायचे; डावी बाजू ज्याने कमावले त्याची, उजवी वारसाची. तेवढा वेळ पाचही पदकं एका ओळीत यायची.

क्लेम वारला. ऊनालाही आता दम लागायचा. डोळे मिटण्याआधी माजी सैनिकांच्या क्लबातल्या काचेच्या कपाटात पाचही एकत्र ठेवावीत, खाली बापाचं नाव असावं, एवढंच तिने देवाकडे मागितलं. मग क्लेमच्या मुलाला, गार्थला, फोन केला.

"ती पदकं? ती कधीच विकली, आत्या. होबार्टहून व्यापारी आला होता."

"विकली? अरे, मला एका शब्दाने विचारायचंस!"

"तुझी थोडीच विकली? माझ्या वाट्याची होती."

तिने व्यापाऱ्याला गाठलं. पदकं समुद्रापार गेली होती. कोणाकडे, ते त्यालाही सांगता येईना.

मग उरलेली दोन रुमालात बांधून ती क्लबात गेली. सेक्रेटरी लिंडसे बेस्टर लहानपणी तिच्याच शेडमध्ये खेळलेला. त्याने चष्मा चढवून दोन्ही उलटसुलट पाहिली.

"ऊना, यांच्यावर नावच नाही गं."

"राजे कुठे नाव कोरतात? नाव क्लेमच्या तिन्हींवर होतं."

"तीच हवीत बघ. अशी दुकानात कोणीही घेतं. मागे एकाने आणलेली खोटी निघाली, तेव्हापासून कमिटी ऐकत नाही."

"मी सांगते ना, माझ्या बापाची आहेत! तू ओळखतोस मला."

"मी ओळखतो. उद्या आपण दोघं नसलो की?"

तिने रुमालाची गाठ बांधली.

त्या वर्षीही पहाटे ती गेली. उजवीकडे गरुड लावला, क्रॉसही लावला. शेजारची जागा रिकामी होती. बिगूल वाजला, तिने मान खाली घातली. पण प्रार्थनेला शब्द सुचेनात.

नंतर हॉलमध्ये चहा होता. शाळेत नव्याने आलेल्या बाई तिला बिस्किटांची बशी देता देता थबकल्या.

"अय्या, काय गोड ब्रोच आहे हो!"

ऊनाने गरुडावर हात ठेवला. बापाचं नाव ओठांपर्यंत आलं होतं.

"आईने दिलाय," ती म्हणाली, आणि एक बिस्कीट उचललं.