सबनीसबाई आणि चालती विहीर

सबनीसबाईंसमोर कॉम्प्युटरच्या पडद्याला बोट लावायची कुणाची टाप नव्हती. "बोट मागे, डोळा पुढे," असं त्या मान न वळवता म्हणायच्या आणि पुढे गेलेला हात आपसूक मागे यायचा. एकदा तर तो हात खुद्द मालकांचा होता. तेव्हा बाईंची नोकरी टांगणीला लागलेली होती, तरी त्यांनी तो मनगटाला धरून बाजूला केला.

आमचं ऑफिस नोएडाच्या अगदी कडेच्या सेक्टरमध्ये होतं. पुढच्या दारासमोर नवाकोरा रुंद रस्ता आणि काचेच्या इमारती, मागच्या खिडकीबाहेर गव्हाचं शेत. काम होतं गावोगावचे जुने कागदी नकाशे स्कॅन करून कॉम्प्युटरवर गिरवायचं. मी लातूरकडचा. कलेक्टर व्हायला दिल्लीला आलो, तीनदा आपटलो आणि घरी काय तोंड दाखवायचं म्हणून इथे चिकटलो. बाई निफाडच्या, कांदेवाल्यांच्या घरातल्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून पंचवीस वर्षं दिल्लीत. त्या स्वतः एका कचेरीत शाईनं नकाशे काढत. कॉम्प्युटर आले, हाताचं काम बंद झालं आणि बाईंना घरी बसवलं गेलं. पन्नाशी उलटल्यावर त्या कॉम्प्युटर शिकल्या आणि आमच्याकडे तपासणीच्या कामावर आल्या, तीन महिन्यांच्या बोलीवर. नंतर कायम करायचं की नाही, ते मालक ठरवणार.

"एकदा मला घरी बसवलंय," डबा खाताना त्या मला म्हणाल्या होत्या. "आता जायचं तेव्हा मी माझ्या पायानं जाईन, बघ तू." बोलताना त्यांचा पोळीचा हात थांबला होता, एवढं मला आठवतं. सगळ्या ऑफिसात त्यांच्याशी मराठीत बोलणारा मी एकटाच होतो. बाकीच्यांना त्या मॅडम, मला बाई.

होळी झाली, मागचा गहू पिवळा पडला आणि त्याच सुमारास आमचे जुने डब्यासारखे बोजड मॉनिटर जाऊन नवे चपटे पडदे आले. आम्ही हरखलो. आमच्या जुन्या नकाशांवर विहीर म्हणजे एक बारीक काळा ठिपका. त्यावर क्लिक केलं की विहीर नोंदली गेली, इतकं ते सोपं. पानिपतच्या बाजूच्या एका गावाचा नकाशा तपासताना बाई अडल्या. कागदावर विहीर नाही, पडद्यावर आहे. त्या चहा घेऊन आल्या, तर विहीर शेजारच्या शेतात.

बाई सरळ उठून मालकांच्या, म्हणजे खुरानासाहेबांच्या टेबलापाशी गेल्या आणि आपल्या निफाडी हिंदीत म्हणाल्या, "साहब, वो कुआँ चल रहा है।"

सगळं ऑफिस हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. आपल्या माणसाचं हसं झालं की आपण त्यातले नाही हे दाखवायची घाई होते, तसलं ते हसणं. आज लाज वाटते. साहेब मात्र हसले नाहीत. "मैडम, उमर का तकाजा है," ते मऊ आवाजात म्हणाले. "शुक्रवार तक आँखें दिखाकर सर्टिफिकेट ले आइए। वरना आगे मुश्किल होगा।"

तपासणाऱ्या बाईच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला म्हणजे नोकरी गेलीच. बाई वळल्या. जागेवर बसल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा तो पडदा बघायला लागल्या. त्या दिवशी त्या डबाही खायला आल्या नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पिशवीतून भिंग काढलं, शाईच्या कामाच्या वेळचं, पितळी कडीचं. ते पडद्यासमोर धरून त्या बराच वेळ बसल्या. मग ताठ उठल्या, साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "साहब, सर्टिफिकेट बाद में। पहले मेरी कुर्सी पर बैठिए।" काय सुचलं कोण जाणे, साहेब येऊन बसले. बाईंनी भिंग हातात दिलं. साहेब वाकले आणि तसेच राहिले.

"इसके तो पैर हैं," ते हळूच म्हणाले.

"फुलकिडा," बाई म्हणाल्या. "हमारे कांदे पर बहुत आता है। पीछे गेहूँ सूख गया ना, इसलिए इधर आया। उजाला देखके अंदर घुस गया।" साहेबांचा अंगठा किडा चिरडायला पुढे झाला. बाईंनी त्यांचं मनगट धरलं. "उंगली पीछे, आँख आगे। अंदर मर गया तो वहीं रहेगा, जिंदगीभर।"

तेवढ्यात मी शहाणा माझ्या पडद्याकडे धावलो होतो. तिथेही दोन ठिपके चालत होते. एकावर मी बोट दाबलं आणि तो काचेआड जागीच चपटला. तो पडदा भंगारात जाईपर्यंत माझ्या प्रत्येक गावाला एक जादा विहीर होती. बाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग बाईंनी ऑफिस ताब्यात घेतलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे पडदे बंद, ट्यूबलाइट बंद, खिडक्यांना जाड कागद. फायलींची पिवळी पुठ्ठ्याची पानं कापून त्यांना एरंडेल फासलं आणि प्रत्येक पडद्यामागे, हवेसाठी फटी असतात तिथे, एकेक उभं केलं. त्यावर टेबललॅम्पचा उजेड सोडला. "कांद्याच्या रानात आम्ही पिवळा पत्रा लावतो," त्या सांगत होत्या. "पिवळं दिसलं की यांना राहवत नाही. आत अंधार केला की बाहेर येतात बिचारे." एम.बी.ए. झालेली पोरं मुकाट्यानं एरंडेल फासत होती.

दोन दिवस, दोन सुट्ट्या. शुक्रवारी दुपारी पुठ्ठ्यांवर बारीक काळे तीळ चिकटलेले होते आणि पडदे स्वच्छ. बाईंनी एकेका पडद्यावर पांढरं पान उघडून भिंगानं बघितलं. माझा सोडून सगळे पास झाले. तोवर त्यांनी कागदाशी ताडून जादा विहिरींची यादीही केली होती. नकाशे सोमवारी काम देणाऱ्यांकडे जायचे होते. तसेच गेले असते तर काम परत आलं असतं, आणि पुढचं मिळालंच नसतं.

साहेबांनी यादी पाहून विचारलं, "ये फालतू कुएँ डाले किसने?"

ठिपका दिसला की किडा की विहीर न बघता क्लिक करणाऱ्यांत मीही होतो.

"कीड़ों ने," बाई म्हणाल्या. "उनको मैंने निकाल दिया।"

साहेब आता हसले, मोकळेपणानं हसले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "मैडम, नजर मेरी कमजोर थी। आप पक्की।" बाई म्हणाल्या, "कागज पर लिखके दीजिए।" अर्ध्या तासात साहेबांनी सहीचं पत्र आणून हातात दिलं. बाईंनी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि मगच बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यात आनंदाशिवायही काही होतं.

सगळे चहाला गेल्यावर मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनीच यादी पुढे सरकवली. सात विहिरींसमोर पेन्सिलीनं बारीक खूण होती.

"या तुझ्या," त्या म्हणाल्या. "फाइलींवर नाव असतं रे, मला माहीत होतं."

"बाई, मी हसलो त्या दिवशी..."

"हसलास त्याचं काही नाही. चालणारी विहीर म्हटल्यावर मीही हसले असते." त्यांनी चष्मा काढला. "पण माझ्यापासून चार पावलांवर बसतोस तू. उठून बघितलं नाहीस, त्याचं वाईट वाटलं."

मी यादी हातात घेतली.

"चल," त्या उठत म्हणाल्या, "बस इथे. सोमवारच्या आत सातही विहिरी बुजवायच्यात."