मेरिटवाला हात

मी चौथीतून शाळा सोडली. तरी लातूरच्या निम्म्या क्लासांच्या पाट्या माझ्या हातच्या होत्या, हे कुणी नाकारू नये. भूकंपात गाव गेलं तेव्हा आधी पत्र्याच्या शेडवर नंबर टाकले. पुढं क्लासवाल्यांचं पेव फुटलं आणि ब्रश खाली ठेवायला सवड मिळेना. मेरिटमध्ये आलेल्या पोरांची तोंडं काढताना पांढऱ्यात जरा गुलाबी मिसळायचा, ही माझी रीत. पोरगं घरी कितीही काळंसावळं असो, बोर्डावर गोरंच. आईबापही खूश.

भूकंपात माझ्या धाकट्या भावाच्या पाठीवर भिंत पडली होती. दुखणं थांबावं म्हणून तो सुई घ्यायचा, मग सुईवाचून राहवेना. मी त्याला घराबाहेर काढला. तो नांदेडला गेला. त्यानंतर बरीच वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

नांदेडला अशा सुई घेणाऱ्यांसाठी एक केंद्र होतं. जुन्या सुया घेऊन नव्या द्यायचे, जखमा धुवायचे. येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून तिथल्या ताईंनी मला चित्रांचा बोर्ड सांगितला. मी घरीच रंगवून नेला. नवी सुई, हात, वर मोठी कवटी.

ताई म्हणाल्या, "काका, ज्यांच्यासाठी आहे त्यांना आधी दाखवू."

माझं डोकं फिरलं. डॉक्टरनं तपासलं असतं तर समजलो असतो. गर्दुल्ले माझं काम तपासणार?

सतरंजीवर सातआठ जण बसले होते. कोपऱ्यात माझा भाऊ. भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. मी त्याच्याकडं बघितलं नाही, त्यानंही नाही.

त्यांच्यातला एक रिक्षावाला बोर्डाजवळ आला. "चाचा, हा हात कोनाचा? मेरिटमधी आलेल्या पोराचा दिसतो."

सगळे हसले.

"आन् ही कवटी काढा. बायकोनं बघितली तर माझं तेरावंच घालंल."

"सुई एकमेकाची घेऊ नका, एवढं तरी बरोबर हाय का न्हाई?" मी विचारलं.

"सुई आपापलीच घेतो, चाचा. पन माल विरघळवायचं पानी समद्यांचं एकाच झाकनात. गाळायचा कापूसबी एकच. त्यातूनच रोग लागतो म्हनतात ताई. ते कुठं काढलंय?"

"मी जन्मभर पाट्या रंगवून राहिलो. मला शिकवू नका."

"आमीबी लई वर्सं टोचून राहिलो. आमाला तरी कशाला शिकवता?"

ताईही हसल्या. मी बोर्ड उचलला आणि दाराकडं निघालो.

"दादा," मागून भाऊ बोलला. "खरा हात बघायचाय?"

त्यानं बाही वर केली. कोपराच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ, पिकलेली. वास आला. ताई पटकन उठल्या, तशी त्यानं बाही खाली ओढली. हात कापतील, ही त्याला धास्ती. त्यांनाही कधी दाखवला नव्हता.

"आधी दादाला काढू द्या. मग बघा."

रंग सोबत आणलेले होतेच. मी कवटीवर पांढरा फिरवला. गेरू, काळा, थोडा पिवळा मिसळून आमच्या घराण्याचा रंग केला. भाऊ बाही वर करून समोर बसला. बाकीचे सांगत गेले तसं मी काढत गेलो. प्रत्येकाचं झाकण वेगळं, प्रत्येकाचा कापूस वेगळा. मग गाठ.

रिक्षावाला म्हणाला, "गाठीतून लाल रेघ वर चढाया लागली की थांबायचं न्हाई, तडक दवाखाना. ते काढा. माझा दोस्त त्यातच गेला."

मी ब्रश लाल रंगात बुडवला आणि रेघ कशी असते ते बघायला भावाच्या हातावर वाकलो. रेघ होती. दंडापर्यंत आली होती.

"चढली का, दादा?"

"चढली."

तो उठेना. मी म्हणालो, "चल. कापायचा म्हनले तर आधी माझा कापा म्हनतो." त्या रिक्षावाल्याच्याच रिक्षातनं दवाखान्यात गेलो. माझी बोटं लाल, त्याच्या शर्टाला डाग.

हात वाचला. दोन बोटं वळत नाहीत.

महिन्याभरानं भाऊ केंद्रावर पट्टी बांधून घ्यायला आला तेव्हा बोर्ड भिंतीवर लागला होता. त्यानं जवळ जाऊन रेघेवर बोट फिरवलं.

"रेघ लई बारीक काढली, दादा. आमच्यातल्या कितीकांना नीट दिसत न्हाई."

"बोर्ड माझा हाय," मी म्हणालो.

मग स्टूल आणि लाल रंग मागवला.