विश्रांतवाडीची शेवटची

अजूनही सहा वाजत आले की टेबलावर वाजणारी ती दोन बोटं आठवतात. आमचे टेलिफोन ऑपरेटर अंध होते. रोज माझ्या टेबलावर दोन बोटं वाजवून विचारायचे, "विश्रांतवाडीची शेवटची किती वाजता?"

कंपनीच्या बसचं वेळापत्रक वेबसाइटवर मीच टाकलं होतं, गावांची नावं वर रंगीत पट्टीत. त्यांचा बोलका संगणक मात्र खालचे नुसते आकडे वाचायचा.

"अहो, वेळा पाठ झाल्या. बस जाते कुठे, हे कंपनीचं गुपित आहे का?"

मी ओशाळलो. दोन दिवस खपून प्रत्येक आकड्याला त्याच्या गावाचं नाव जोडलं. त्यांनी अख्खा तक्ता ऐकला.

संध्याकाळी दोन बोटं वाजली. मी सवयीने विश्रांतवाडीची वेळ सांगू लागलो.

"लोणी काळभोर, शेवटची, सहा दहा," ते म्हणाले. "तुमचीच ना? उठा आता."